बलुतं, हप्ता आणि सातबारा

"हप्ता आला का रं?"

वस्तीत कुणाचा फोन वाजला की पहिला सवाल हाच. पंतप्रधान किसान योजनेचे दोन हजार आले असतील तर म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावरसुद्धा हसू येतं. नाही आले तर दुसऱ्या दिवशी मजुरी पाडून तालुक्याची एस.टी. धरायची.

हप्ता हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. पण आधी तो उलट्या दिशेनं जायचा. इंग्रजांच्या राज्यात शेतसारा रोखीत भरावा लागायचा. हप्त्याची तारीख सरकार ठरवायचं, पाऊस नव्हे. तारखेला पैसा हवा म्हणून शेतकरी सुगीतच पडत्या भावानं माल विकायचा, नाहीतर सावकाराच्या ओट्यावर अंगठा उठवायचा. 1875 साली सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याच्या मुळाशी हेही एक कारण होतं.

या सगळ्यात आपला बाप कुठं होता? सारा भरायला चला म्हणून दारोदार ओरडत होता. गोळा झालेली रक्कम तालुक्याच्या खजिन्यात पोचवायला निघालेल्या माणसाबरोबर उन्हातान्हात चालत होता. सरकारचा पैसा त्यानं राखला, वाहिला. त्याच्या स्वतःच्या कष्टाला मात्र बलुतं. खळ्यावर रास झाली की सगळ्यांच्या मागून उभं राहायचं, घालतील ते पदरात घ्यायचं. वर रोजची भाकरी मागायची. सरकारी मुशाहिरा मिळालाच तर तो नावापुरता. हाडकी-हाडोळ्याची वतनी जमीन होती, पण ती भावकीत वाटून वाटून वावराची पट्टी झालेली.

बलुत्याचा दोष धान्य कमी मिळायचं एवढाच नव्हता. किती द्यायचं, कधी द्यायचं आणि द्यायचं की नाही, हे देणारा ठरवायचा. गावाशी वाकडं गेलं की बलुतं बंद. पाणवठ्यावर हक्क सांगितला, बलुतं बंद. मेलेलं ढोर ओढणार नाही म्हटलं, बलुतं बंद. पोटाची दोरी गावाच्या हातात होती.

बाबासाहेबांनी ही दोरीच तोडायला घेतली. 19 मार्च 1928 रोजी त्यांनी मुंबई कायदे मंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. त्यात एक मागणी अशी होती की बलुत्याचं रूपांतर रोख पट्टीत करा. ती पट्टी सरकारनं शेतसाऱ्याबरोबर रयतेकडून वसूल करावी आणि वतनदार महाराला सरकारनंच पैसा द्यावा. ज्याला चाकरी नको असेल त्यानं पूर्ण आकार भरून जमीन ठेवावी आणि वेठीतून मोकळं व्हावं. सरकार अनुकूल नव्हतं, सभागृहातली वजनदार माणसं नव्हती. 1929 साली बिल मागं घ्यावं लागलं.

आपल्या माणसाला रोख पैसा थेट मिळावा, मध्ये कुणाचं दार नको, ही मागणी आजच्या योजनांच्या कितीतरी आधी आपण केलेली आहे. तेव्हा आज खात्यावर पैसा येतो त्याला भीक म्हणून नाक मुरडायचं मला कारण दिसत नाही. तो कसा येतो आणि कुणाला चुकवून येतो, हे मात्र बघितलं पाहिजे.

किसान योजना फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झाली. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. 2023 पासून राज्याच्या नमो योजनेचे आणखी सहा. दोन्ही धरून महिन्याला हजार रुपये. घरात पाच माणसं असली तर माणशी दोनशे. दिवसाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत.

तरी या हजाराला किंमत नाही असं नाही. आमच्या चुलत्यांचं सांगतो. पाथर्डीच्या बाजूला हाडकीतली दीड एकर ते कसतात. बाजरी, थोडी तूर, पिकेल ते घरात खायचं. आजवर मृगाआधी बी-खत उधार यायचं. दुकानदार उधारी देतो, पण सुगीला माल त्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावानं घालावा लागतो. एका वर्षी हप्ता पेरणीआधी आला. चुलत्यांनी खताची गोणी रोखीनं उचलली आणि तूर संक्रांत होईपर्यंत घरात ठेवली. म्हणाले, "आवंदा माल माझ्या मनानं इकला." दुसरा हप्ता चुलतीच्या डोळ्याला गेला, तिसरा नातीच्या शाळेला. दोन हजारांत घराची गरिबी हटली नाही. पण एका हंगामापुरती दुकानदाराची दोरी सुटली.

मुकादमाची दोरी मात्र सुटली नाही. पोरगा आणि सून दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला जातातच. उचल असते हजारांच्या थप्पीनं, तिथं हा हप्ता पुरा पडत नाही. कोरडवाहू दीड एकराला पाणी मिळालं असतं तर कदाचित पडला असता.

चुलतीचं म्हणणं आणखी वेगळं. "खुरपं माझ्या हातात, आन् पैसा ह्यांच्या नावावर." खरंच आहे. पैसा सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो आणि बाईचं नाव तिथं सहसा नसतं. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार तिच्या स्वतःच्या खात्यावर येऊ लागले. पाच-सहा महिन्यांचे साठवून तिनं शेळी घेतली. कुणाला विचारलं नाही. मात्र जिचं नाव सातबाऱ्यावर आहे आणि जी शेतकरी म्हणून महिना हजार घेते, तिला या योजनेत वरचे पाचशेच. शेतकरी बाईला बहीणही पुरती होता येत नाही.

आता शेजारच्या घरात या. हा माणूस गायरानातली दोन एकर कसतो. दादासाहेब गायकवाडांच्या 1964-65 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात त्याचा बाप तुरुंगात गेला होता. गायरानातली अतिक्रमणं नियमित करण्याचे सरकारी निर्णय 1978 ला झाले, 1991 ला झाले. अर्ज गेले, पंचनामे झाले, सातबारा काही हातात आला नाही. किसान योजनेची अट अशी की 1 फेब्रुवारी 2019 रोजी जमीन नावावर पाहिजे. वारसानं नंतर नाव लागलं तर चालतं, पण वारसा यायला आधी नाव तर पाहिजे! वाटेकऱ्याला नाही, मजुराला नाही, गायरानवाल्याला नाही. तो मला म्हणाला, "नांगर धरतो, पेरतो, काढतो. मी शेतकरी न्हाई, मंग मी कोण?"

हाडकीवाल्यांचंही सगळं सरळ नाही. 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ गाववतनं गेली. आकाराच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरली तर जमीन पुन्हा नावावर, तीही नव्या शर्तीवर. ज्याच्याकडं भरायला नव्हतं त्याची नोंद अडकली. चुलत्यांच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातली सहा मेलेली. वारसाची फेरफार नोंद करायला त्यांनी जितके हेलपाटे घातले त्यांची मजुरी धरली तर पहिला हप्ता तिथंच संपला. म्हणजे आज खात्यावर पडणारा पैसा जुन्या वतनाच्या आणि जुन्या जप्तीच्या रेघांवरूनच चालतो. ज्याच्या आज्याला जमीन मिळाली नाही, त्याच्या नातवाला हप्ता नाही.

हे असंच असावं लागतं, असं कुणी सांगू नये. ओडिशा सरकारनं 2018 च्या अखेरीस कालिया योजना काढली, तिच्यात वाटेकरी आणि भूमिहीन घरंही धरली होती. मनात आलं तर जमतं.

आणि अंगठा. आज्याचा अंगठा सावकाराला लगेच पटायचा. गायरानवाल्याच्या आईचा अंगठा यंत्राला पटत नाही. जन्मभर माती उपसून रेषा झिजल्या. निराधाराचे पैसे काढायला ती तीनदा गेली, तीनदा "उद्या या" ऐकून आली. तीन दिवसांचं निंदणं बुडालं.

बाबासाहेबांनी नुसती रोकड मागितली नव्हती, कायद्यानं ठरलेली रोकड मागितली होती. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला, तेव्हा काम मागायला गेलेला माणूस हक्कानं उभा राहू शकला. किसान योजनेमागं असा कायदा नाही. हप्ता कधी सोडायचा, यादीतून कुणाला गाळायचं, हे देणाराच ठरवतो आणि वर स्वतःचा फोटो छापतो. खळ्यावरही असंच होतं.

म्हणून हप्ता घ्यावा, ताठ मानेनं घ्यावा. पण पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी मांडा: गायरान कसणाऱ्याचं नाव लावा, बाईचं नाव लावा, आणि हा पैसा कायद्यानं द्या. ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नका.