चाफ्याचा वास, चाफ्याविना

आज इथं कोयनानगरात आम्ही सुगंधाच्या इतिहासावर बोलणार आहोत, आणि सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करणार आहोत. हजारो रुपयांच्या विलायती सेंटला मऊ, फुलांचा, पावडरीसारखा वास येतो. तसाच वास शंभर-दीडशे रुपयांत मिळाला, तर तो खोटा म्हणायचा का? आपल्याकडं शब्द तयार असतो : 'डुप्लिकेट'. हा शब्द बाटलीला लागतो तसा ती वापरणाऱ्या बाईलाही चिकटतो. म्हणून प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

आधी हा वास येतो कुठून ते पाहू. इटलीत फ्लॉरेन्सच्या आसपास आयरिस नावाच्या फुलझाडाची लागवड होते. त्याचा हा मोलाचा सुगंध फुलात नसतो, जमिनीखालच्या कंदात असतो. कंद काढून, सोलून वर्षानुवर्षं ठेवावा लागतो, तेव्हा कुठं त्याला व्हायोलेटच्या फुलासारखा वास चढतो. इतका वेळ लागणारी वस्तू महाग असणारच. युरोपातले श्रीमंत लोक त्याचं चूर्ण केसांच्या टोपांना लावीत, तोंडाच्या पावडरीत घालीत. त्या वासाची आणि पावडरीची जोडी जमली ती अशी.

पुढं १८९३ साली टीमान आणि क्रूगर या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ह्या कंदाच्या वासाचा माग काढता काढता आयोनोन नावाचं द्रव्य तयार केलं. वास थेट व्हायोलेटचा. त्याला लागलं काय? सिट्राल आणि अॅसिटोन. आता सिट्राल भरपूर कशात असतं? गवती चहाच्या तेलात! हे तेल आपल्या केरळातून कोचीनच्या नावानं जगभर जात असे. म्हणजे बघा, परसात सांडपाण्यावर वाढणारं जे गवत आपण चहात टाकतो, त्याच्याच जातभाईच्या तेलातून विलायती व्हायोलेट उभं राहिलं. हे आयोनोन महागड्या बाटलीत गेलं, तसंच साबणात आणि टाल्कम पावडरीच्या डब्यातही गेलं. ज्याला आपण 'अस्सल' म्हणतो, त्यातही स्वस्त पर्यायाचा वाटा आहे.

पण ही युक्ती जर्मनांनी पहिल्यांदा काढली असं समजू नका. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त 'गंधयुक्ती'चा अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणं होतात, असा हिशेब त्यात दिलेला आहे; आजच्या गणितानंही तो बरोबर येतो. त्याच अध्यायात मंजिष्ठा, दालचिनी, कोष्ठ अशी द्रव्यं तेलात घालून उन्हात तापवायची कृती आहे. तयार होतं चाफ्याच्या वासाचं तेल, आणि चाफा त्यात नाहीच! वराहमिहिर त्याला म्हणतो चंपकगंधि तेल. चाफ्याचं नव्हे, चाफ्यासारख्या वासाचं. सगळा प्रामाणिकपणा त्या 'गंधि' शब्दात आहे.

याच्या शेजारी कौटिल्य ठेवून बघा. धान्य, तेलतूप, मीठ, औषधं यांच्याबरोबरच सुगंधी द्रव्यांतही सारख्या दिसणाऱ्या मालाची भेसळ करणाऱ्याला 'अर्थशास्त्रा'त बारा पण दंड सांगितला आहे. दोन्ही मिळून अर्थ काय निघतो? सारखेपणा हा गुन्हा नाही. एक सांगून दुसरं देणं हा गुन्हा.

ही विद्या संस्कृतात कोंडून राहिली नाही, बरं का. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी 'गंधवाद' नावाच्या दुर्मीळ हस्तलिखिताचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या ग्रंथावर मराठी टीका आहे. अत्तराची कृती मराठीतून समजून घेणारं कुणीतरी होतं, म्हणूनच ती लिहिली गेली ना?

आणि घराघरांत काय होतं? दिवाळीचं उटणं : नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा. पंढरीचा बुक्का. ह्याही सुगंधी पावडरीच. कुंभार्ली घाट उतरून खाली कोकणात गेलं की बकुळीचा वळेसर. सुकला तरी त्याचा वास जात नाही, म्हणून बायका तो लुगड्याच्या घडीत ठेवीत आल्या. मऊ, फुलांचा, टिकणारा वास आणि खर्च जवळजवळ शून्य!

तेव्हा स्वस्त बाटली जरूर घ्या. फक्त ती स्वतःच्या नावानं विकलेली, बनवणाऱ्याचा पत्ता असलेली घ्या. बड्या कंपनीचं चोरलेलं नाव छापलेली नको. अंगाला लावायची वस्तू आहे; आत काय घातलं याचा जाब कुणाला तरी विचारता आला पाहिजे. तसं असेल, तर ती वापरताना संकोच करायचं कारण नाही. चाफ्याविना केलेल्या तेलाला वराहमिहिरानं मानाची जागा दिली. आपणही पावडरीच्या डब्याला नावं ठेवू नयेत.

आम्ही इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.