गोकुळच्या पोराचे चित्रघराणे

अमर चित्र कथेतला कृष्ण मराठी घरांत दोन-तीन पिढ्यांनी वाचला. कथा अनंत पै यांची, चित्रे राम वाईरकरांची. १९६७ साली सुरू झालेल्या या कॉमिकमालेत आधी परदेशी परीकथा निघाल्या. कृष्ण हा तिचा पहिला भारतीय नायक. पण वाईरकरांच्या कुंचल्यातून उतरलेला हा पोर एका जुन्या चित्रघराण्यातला आहे, आणि त्या घराण्याची एक पिढी कोल्हापूरची आहे.

मूळपुरुष राजा रविवर्मा. गाय दोहणारी यशोदा आणि तिच्या पाठीशी बिलगलेला कृष्ण हे त्यांचे चित्र आठवा. लघुचित्रांतला कृष्ण बहुधा एका बाजूने दिसे, सपाट रंगात. रविवर्म्यांनी तैलरंगातल्या छाया-प्रकाशाने त्याला मांसल, हाताला लागेल असे शरीर दिले. १८९४ साली मुंबईत निघालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला त्यांचा छापखाना अशा चित्रांचे शिळाछाप घरोघर पोचवू लागला. राजवाड्यातले देव सामान्यांच्या भिंतीवर आले.

त्याच छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली ‘कालियामर्दन’ पडद्यावर आणला. त्यातला कृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. कागदावरचा बाळकृष्ण आता डोहात उडी घेऊ लागला.

कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ संगीत नाटकांचे पडदे रंगवत. सपाट कापडावर महाल, वाटा, अरण्ये यांची खोली दाखवायची, हे त्यांच्या रोजच्या हाताखालचे काम. सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास दोघांनी घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या साथीने तो कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. तिथेच तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांसह १ जून १९२९ रोजी त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ काढली. या नव्या कंपनीचा पहिला मूकपट ‘गोपाळकृष्ण’. पुढे पुण्यात, १९३८ साली, दामले-फत्तेलालांनी तीच कथा बोलपटात पुन्हा रचली. त्यात राम मराठे कृष्ण झाले.

कोल्हापूरच्या या पिढीला मी मोठे मानतो ते तिने सोडवलेल्या अडचणीमुळे. चित्रकार गोष्टीतला एक क्षण निवडतो आणि तिथेच थांबतो. यशोदेला बिलगण्याआधी पोर कुठे होते, नंतर कुठे पळाले, हे त्याला सांगावे लागत नाही. पट रचणाऱ्याला सांगावे लागते. ओळखीच्या एका चित्राची दहा दृश्ये करायची, कुठे जवळ जायचे, कुठे लांब उभे राहायचे हे ठरवायचे, आणि पोर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच वाटले पाहिजे.

चार दशकांनी हीच अडचण वाईरकरांपुढे चौकटींच्या रूपाने आली. रविवर्म्यांची देवादिकांची रूपे या मालेच्या चित्रकारांसमोर आदर्श म्हणून होतीच. पण तैलरंगाची मऊ सावली स्वस्त छपाईत टिकत नाही, म्हणून तिची जागा काळ्या शाईच्या ठाम रेषेने घेतली. खर्चापायी सुरुवातीच्या अंकांना पिवळा, निळा आणि हिरवा एवढेच रंग मिळत. कृष्णाला ते पुरेसे होते: निळे अंग, पिवळा पीतांबर, हिरवे गोकुळ. शिवाय संवादाच्या फुग्यांना जागा सोडायची, म्हणजे मागचा रम्य देखावा आखडता घ्यायचा आणि सगळा भार मुद्रेवर, हातांवर टाकायचा. चित्रात मंद हसणारा कृष्ण चौकटीत रागावतो, धावतो, आईला चकवतो. मूळ चित्राची नक्कल करून हे साधत नाही. ते मोडून, त्यातला पोर उचलून, त्याला नव्याने चालायला शिकवावे लागते.

म्हणून कॉमिकच्या चित्रकाराला नकलाकार म्हणणे मला अन्यायाचे वाटते. गायकीत घराण्याची चीज पुढची पिढी आपल्या गळ्याने मांडते आणि आपण त्याला परंपरा म्हणतो. तोच मान चित्रांच्या घराण्यालाही हवा. कृष्णाच्या बाललीलांचे कॉमिक मुलांच्या हाती देताना रविवर्म्यांचे, कोल्हापूरच्या पेंटर बंधूंचे, दामले-फत्तेलालांचे आणि वाईरकरांचे नाव त्यांना सांगावे. देव सगळ्यांचा आहे. त्याचा चेहरा मात्र या माणसांनी घडवला.