स्वयंपाकघरातून थेट चेहऱ्यावर: घरगुती उपायांपैकी काय लावावे, काय टाळावे?

रील सुरू होते. वाटीत अर्धे लिंबू पिळले जाते, त्यात चमचाभर बेकिंग सोडा पडतो, वर चिमूटभर हळद. मिश्रण फसफसते आणि खाली अक्षरे येतात: "सात दिवसांत फरक बघा!" आपण व्हिडिओ सेव्ह करतो, मैत्रिणीला पाठवतो आणि रविवारी करूनही पाहतो. घरातलेच पदार्थ आहेत, त्याने काय बिघडणार?

काही पदार्थांनी खरेच काही बिघडत नाही, उलट फायदा होतो. पण काहींनी त्वचा भाजते आणि डाग महिनोन्महिने राहतात. कोणता पदार्थ कोणत्या गटात येतो आणि का, ते पाहूया.

आधी त्वचा समजून घ्या

त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. ही भिंत शाबूत असेल तर आतला ओलावा बाहेर जात नाही आणि बाहेरचे जंतू आत येत नाहीत.

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो. लिंबाच्या रसाचा पीएच सुमारे २ असतो, तर बेकिंग सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर. पीएचच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. म्हणजे लिंबाचा रस त्वचेपेक्षा शेकडो पटींनी जास्त आम्ल असतो. एवढे लक्षात ठेवले तरी अर्ध्या रील्स आपोआप बाद होतात.

हे पदार्थ उपयोगी पडतात

खोबरेल तेल: कोरड्या हातापायांसाठी उत्तम. आंघोळीनंतर अंग किंचित ओले असतानाच लावा, म्हणजे ओलावा आत टिकतो. मात्र चेहरा तेलकट असेल किंवा मुरमे येत असतील तर चेहऱ्याला लावू नका. हे तेल रंध्रे बुजवू शकते.

कोकमाचे तेल: कोकण आणि गोव्यात टाचांच्या भेगांवरचा हा जुना उपाय. कोकमाच्या बियांतून निघणारे हे तेल घट्ट असते आणि वडीसारखे मिळते. छोटा तुकडा गरम करून पातळ करा, कोमट झाल्यावर रात्री धुतलेल्या टाचांवर चोळा आणि मोजे घाला. भेगांवर जाड थर बसतो आणि ओलावा टिकतो. भेगेतून रक्त येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, मधुमेह असेल तर नक्कीच.

ओट्स: खाज येणाऱ्या, कोरड्या त्वचेसाठी चांगले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये बारीक दळलेल्या ओट्सना त्वचेचे संरक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली. मिक्सरमधून अगदी बारीक करा, कोमट पाण्यात कालवा आणि त्या पाण्याने अंग धुवा. मसाल्याचे किंवा गोड ओट्स चालणार नाहीत.

डाळीचे पीठ: तेल शोषून घेते, म्हणून साबणाऐवजी अधूनमधून वापरता येते. पातळ कालवा आणि हलक्या हाताने लावून धुवा. पूर्ण वाळेपर्यंत ठेवून मग खरवडून काढू नका. त्वचा ताणली गेली म्हणजे ती घट्ट झाली असे नव्हे, ती कोरडी पडली आहे.

दही: यात लॅक्टिक आम्ल असते, पण क्रीममधल्यापेक्षा खूपच कमी. दहा मिनिटे लावून धुतले तर त्वचा मऊ वाटते. त्यापलीकडे मोठी अपेक्षा ठेवू नका.

कोरफड: पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक त्वचेला झोंबतो. त्यामुळे कापलेले पान थोडा वेळ उभे ठेवून चीक निथळू द्या, धुवा आणि मगच आतला पारदर्शक गर वापरा.

हळदीची खरी गोष्ट

१९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्याकडे घराघरांत जे चालते त्याचे पेटंट! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले. हा वापर भारतात फार पूर्वीपासून होतो, हे जुन्या लिखाणाचे दाखले देऊन सिद्ध केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

हा विजय मोठा होता. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. हळदीचा वापर जुना आहे, एवढेच त्यातून सिद्ध झाले. हळदीने चेहरा उजळतो, असा त्याचा अर्थ होत नाही. हळदीतल्या करक्युमिनमध्ये दाह कमी करण्याचे गुण आहेत, पण ते त्वचेत सहज शिरत नाही. काही जणांना हळदीची ॲलर्जीही होते. शिवाय सुट्या हळदीत कधी कधी रंगासाठी भेसळ केलेली असते आणि लेड क्रोमेटसारखा शिसे असलेला पदार्थही त्यात सापडू शकतो. लावायची असेल तर खात्रीची हळद घ्या, चिमूटभरच वापरा, कच्च्या जखमेवर नको.

हे पदार्थ चेहऱ्यापासून लांब ठेवा

लिंबू: यादीतला सर्वांत धोक्याचा पदार्थ. लिंबाच्या रसात आणि सालीत अशी द्रव्ये असतात, जी उन्हाशी संयोग झाला की त्वचा भाजवतात. लिंबू लावून उन्हात गेलात तर एक-दोन दिवसांत लाली, जळजळ, कधी फोड येतात. नंतर तिथे काळा डाग पडतो आणि तो जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. डाग घालवायला लावलेले लिंबूच नवा डाग देऊन जाते.

बेकिंग सोडा: त्वचेचे आम्लधर्मी कवच बिघडवतो. वारंवार वापरला तर त्वचा कोरडी, लाल आणि हुळहुळी होते.

साखर आणि मिठाचा स्क्रब: कणांच्या कडा खरबरीत असतात. टाचांना, कोपरांना चालतील, चेहऱ्याला नाही. मुरमांवर घासले तर ती फुटतात आणि खड्डे, डाग राहतात.

लसूण: मुरमावर चोळायचा सल्ला दिसतो. ताजा ठेचलेला लसूण त्वचेवर ठेवल्यास खरोखर भाजल्यासारखी जखम होते.

टूथपेस्ट: मुरमावरही नको आणि भाजलेल्या जागीही नको. स्वयंपाक करताना हात भाजला तर तो लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट, तूप यातले काहीही लावू नका.

उन्हासाठी स्वयंपाकघरात काही नाही

तांदळाचे पाणी, टोमॅटो, चंदन, खोबरेल तेल यांतले काहीही सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही. वांग, मुरमांचे डाग, उन्हाने काळवंडणे, या सगळ्या तक्रारी उन्हाने वाढतात. त्यामुळे डाग कमी करायचे असतील तर लेपापेक्षा टोपी, ओढणी, छत्री आणि किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन जास्त काम करते.

मानेचा काळेपणा हा मळ नसतो

हा भाग आवर्जून वाचा. मान, काख किंवा जांघेत त्वचा काळी, जाडसर आणि मखमलीसारखी झाली असेल, तर अनेकदा ती शरीरात इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची खूण असते. पुढे मधुमेह होण्याची शक्यता असलेल्यांमध्ये आणि वजन जास्त असलेल्या मुलामुलींमध्ये ती दिसते. घरी मात्र बहुतेक वेळा "मान नीट घासत नाहीस का?" असेच ऐकायला मिळते. मग लिंबू, सोडा, दगड, सगळे होते. त्वचा सोलवटते, काळेपणा जात नाही.

हा काळेपणा घासून जात नाही, कारण तो मळ नसतोच. अशा वेळी डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. वेळेत कळले तर आहार, व्यायाम आणि औषधांनी बरेच काही सावरता येते.

बाळाला पीठ लावावे का?

बाळाच्या अंगावरची लव काढण्यासाठी डाळीच्या पिठाने किंवा कणकेच्या गोळ्याने चोळायची पद्धत अनेक घरांत आहे. खरे तर ही लव काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप गळते. चोळल्याने नाजूक त्वचेला पुरळ उठते. इसब असलेल्या बाळाच्या त्वचेवर खाण्याचे पदार्थ लावल्यास त्या पदार्थाची ॲलर्जी जडण्याची शक्यताही असते. आजीला हे प्रेमाने समजावून सांगा. तेलाचा हलका मसाज आणि तिची मांडी, एवढे बाळाला पुरेसे आहे.

काहीही लावण्याआधी ५ गोष्टी

१. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून धुवा आणि २४ ते ४८ तास वाट पाहा. खाज, लाली आली तर ते तुमच्यासाठी नाही.
२. एका वेळी एकच पदार्थ वापरा. पाच एकत्र केले तर त्रास कशाने झाला ते कळणार नाही.
३. लेप रोज ताजा करा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या लेपातही जंतू वाढतात.
४. जखम, फुटलेले मुरूम किंवा इसब यांवर काही लावू नका.
५. झोंबले तर लगेच साध्या पाण्याने धुवा. "झोंबतेय म्हणजे काम करतेय" हा गैरसमज आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

मुरमांचे खड्डे पडत असतील, डाग पसरत असेल, तिळाचा आकार किंवा रंग बदलत असेल, किंवा खाज दोन आठवड्यांत गेली नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोरे करणारे मलम आणू नका. अशा काही मलमांत स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पण पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मुरमे वाढतात.

आणि शेवटी रंगाबद्दल. आपला मूळ रंग मेलॅनिनवर ठरतो आणि तो घेऊनच आपण जन्माला येतो. कुठलाही लेप तो बदलत नाही. स्वयंपाकघरातल्या वस्तू त्वचा मऊ ठेवू शकतात, खाज कमी करू शकतात. तेवढ्यासाठी त्या जरूर वापरा. लिंबू मात्र सरबतालाच राहू द्या.