हेस्टिंग्जचा डाव आणि ‘भारतीय’ बचाव

१९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत सुलतान खान यांनी कापाब्लांका यांना हरविले. कापाब्लांकांचे जगज्जेतेपद १९२७ साली गेले होते. तरी त्यांचा पराभव ही दुर्मीळच गोष्ट होती. आम्ही या डावाकडे वळतो ते मात्र एका नावापायी.

काळी मोहरी घेऊन कापाब्लांकांनी जो बचाव स्वीकारला, त्याला ‘क्वीन्स इंडियन’ म्हणतात. वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवायचे, त्यामागे उंट बसवायचा आणि पटाचा मध्य दुरून रोखायचा. अशा बचावांना ‘भारतीय’ हे विशेषण लाभले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास महेशचंद्र बॅनर्जी यांनी कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या बॅरिस्टराशी खेळलेल्या डावांमुळे. म्हणजे हेस्टिंग्जला ‘भारतीय’ बचाव क्यूबाच्या खेळाडूकडे होता आणि तो भेदीत होता पंजाबातून आलेला खेळाडू!

पाचव्या खेळीस सुलतान खान यांनी वजिराकडील हत्तीपुढचे प्यादे एकच घर सरकविले. काळ्या उंटाने पुढे येऊन घोड्यास जखडू नये, एवढाच हेतू. पुढे हीच खेळी पेट्रोस्यान यांच्या नावाने ओळखली गेली. देशी पद्धतीत प्यादे एकेकच घर चालते, तेव्हा या खेळीत मायदेशाची खूण शोधण्याचा मोह समीक्षकास होईल. तो आवरावा, याच डावात त्यांची दोन प्यादी आधीच दोन-दोन घरे गेली होती.

एकविसाव्या खेळीपासून कापाब्लांकांनी दोन्ही हत्ती देऊन वजीर घेतला. पण बंदिस्त पटावर त्यांच्या वजिरास वाटच मिळेना. सुलतान खान यांनी घाई केली नाही; डाव ६५ खेळ्या चालला.

असा डाव खेळणाऱ्याचे वर्णन इंग्रजी लेखनात वारंवार येते ते सर उमर हयात खान यांचा ‘निरक्षर नोकर’ म्हणून. कुटुंबीयांनी हे चित्र अलीकडे नाकारले आहे. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकणाऱ्यास उपजत चमत्कार ठरविले, की त्याच्या विचाराची दखल घ्यावी लागत नाही. संहिता बाजूस सारून दंतकथा वाचण्याची ही खोड आम्हां साहित्यवाल्यांनाही चांगलीच परिचित आहे.

मायदेशी परतल्यावर, १९३५ साली, त्यांनी व्ही. के. खाडिलकर यांना दहा डावांच्या सामन्यात हरविले. खाडिलकरांना एकाच डावात बरोबरी साधता आली. ‘फिडे’ने मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ साली. सुलतान खान १९६६ सालीच वारले होते.