ताकिस
(२९ ऑक्टोबर १९२५ – ९ ऑगस्ट २०१९). चुंबकशक्तीला शिल्पाचे माध्यम बनविणारा ग्रीक शिल्पकार. पानायोतिस वासिलाकिस हे त्याचे मूळ नाव असून त्याचा जन्म अथेन्स येथे झाला. १९५४ मध्ये तो पॅरिसला गेला आणि रेल्वेच्या सिग्नलांवरून सुचलेली, लवचिक उभ्या दांड्यांची ‘सिग्नल्स’ ही शिल्पमालिका त्याने घडविली. १९५९ पासूनच्या त्याच्या दूरचुंबकीय शिल्पांत तारेला बांधलेला धातूचा तुकडा चुंबकाकडे ओढला जातो. मात्र तार त्याला अडवून धरत असल्याने तो अधांतरी तरंगत राहतो आणि अदृश्य बल डोळ्यांना जाणवते. विद्युत्‌चुंबकाच्या आकर्षणाने सुई ताणलेल्या तारेवर आपटून नाद उमटविणारी संगीतशिल्पेही त्याने रचली. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याच्या संमतीविना मांडलेली आपली कलाकृती त्याने स्वतः हलविली. त्या कृतीतून कलावंतांच्या हक्कांच्या चळवळीला चालना मिळाली.