बांड्याचा गुंड

आमच्या घरच्या घडवंचीवर एक पितळी गुंड आहे. त्याच्या पोटाला एक पोचा आहे आणि त्या पोच्यालाही इतिहास आहे. हा गुंड बांड्याने पटात जिंकला, हे मला बाराखडीच्या आधी पाठ झालं होतं. बांड्या म्हणजे आमच्या आबाजींचा बैल. मी त्याला कधी पाहिलं नाही, कारण माझ्या जन्माआधी दहा-बारा वर्षं तो मेला. पण त्याच्या कपाळावरचा पांढरा ठिपका डाव्या डोळ्याकडे किती झुकलेला होता, हे मी आजही कागदावर काढून दाखवीन.

ब्रह्मपुरी तालुक्यातलं आमचं गाव वैनगंगेच्या अलीकडचं. नदी ओलांडली की आता गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ ला तो वेगळा झाला, पण ते आबाजींपर्यंत कधी पोचलंच नाही. शेवटपर्यंत दोन्ही काठ त्यांना चांदा जिल्हाच. त्यांच्याकडे सनावळीही नव्हती. आत्याचं लग्न कधी झालं, विचारलं तर उत्तर यायचं, "बांड्या पयल्यांदा जुंपला त्या साली." गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांचं हे असं. कुणाच्या घराला आग लागली, कुणाची जमीन गहाण पडली, सगळं कुठल्या ना कुठल्या बैलाच्या मागेपुढे घडलेलं.

शंकराचा नंदी धावतो म्हणून शंकरपट, अशी आबाजींची व्युत्पत्ती. आमच्या बोलीत नुसता 'पट'. धान कापून खळ्यावर गेलं की गावाबाहेरच्या चार-सहा लागून असलेल्या बांध्या निवडायच्या, मधले धुरे फोडायचे, ढेकळं बसवायची आणि शेजारी-शेजारी दोन सरळ वाटा आखायच्या. ज्याच्या बांध्या, त्याचं त्या साली लाखोळीचं पीक बुडालं. त्याला त्याबद्दल मानाचा नारळ. दोन जोड्या एकाच वेळी सुटायच्या. छकडा अगदी हलका, म्हणजे दोन चाकं, दांड्या आणि जू एवढंच. त्यावर उकिडवा बसलेला धुरकरी. तुम्ही तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत खेळ संपलेला. या एवढ्याशा वेळासाठी वर्षभर बैलाला ढेप, उडदाची चुणी आणि लेकरांच्या वाट्याचं तूप.

पुढे पटात घड्याळ आलं आणि जोडीला जोडी भिडवण्याऐवजी सेकंद मोजणं सुरू झालं. आबाजींना ते आवडलं नाही. "घड्यारीले का समजते? बैल कोनाच्या बाजूनं धावला, ते नाई पाहाचं?" आमच्या मुलखाचा घड्याळावर तसा भलताच जीव. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी धानाचं नवं वाण निवडून काढलं, तेव्हा त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. आबाजींनी तो तांदूळ आयुष्यभर खाल्ला. घड्याळ मात्र मनगटावर बांधलं नाही.

पटाचे दिवस म्हणजे पाहुण्यांचे दिवस. लेकी माहेरी येत, सोयरिकी जुळत. दिवसा पट आणि रात्री नाटक, हे आमच्या झाडीपट्टीतलं जोडकाम. एकाच पत्रकावर वर 'भव्य इनामी शंकरपट' आणि खाली नाटकाचं नाव. वडशाच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम दिवाळी ते होळी. त्यातल्या किती रात्री पटाच्या गर्दीवर उभ्या राहिल्या याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. गुरनोलीच्या नाट्यकलावंत परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्याला आनंद झाला तो वेगळ्याच कारणाने. ज्या पटाच्या रात्री त्यांचं नाटक पाहिलं, त्या दिवशी कुठली जोडी पहिली आली, ते त्याला आठवलं.

बांड्याची मुख्य गोष्ट आरमोरीकडच्या पटाची. आबाजी, त्यांचा भाऊ आणि एक गडी, तिघं पायी निघाले. बैल बंडीला जुंपायचे नाहीत, दमतात. मोकळे चालवायचे. पुढच्याच्या हातात कंदील आणि बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, कारण रान वाघाचं. पहाटे एका नाल्याशी बांड्या थांबला. ओढला तरी पाय उचलेना. त्याचा जोडीदार चांद्याही त्याच्याशी अंग लावून उभा. तिघांनी तिथेच शेकोटी केली आणि उजाडेपर्यंत बसले. उजाडल्यावर नाल्याच्या वाळूत ताजी पावलं. वैनगंगेला पाणी पोटापर्यंत होतं, ते दोन्ही बैलांनी पोहल्यासारखं ओलांडलं. आणि दुसऱ्या दिवशी, न झोपलेल्या त्या जोडीने एका मालगुजाराच्या जोडीला मागे टाकलं. सगळ्या गोष्टींत मालगुजाराचीच जोडी हरते, हे मला फार उशिरा लक्षात आलं. बक्षीस म्हणून हा गुंड. येताना तो चांद्याच्या शिंगाला अडकून दगडावर आपटला, त्याचा हा पोचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी पुण्यात होतो. एका सहकाऱ्याबरोबर रेसकोर्सवर गेलो. तिथे एक पारशी गृहस्थ भेटले, टोपी घातलेले, वय ऐंशीच्या घरातलं. पुढे धावणाऱ्या घोड्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते स्क्वॉन्डररबद्दल बोलत होते. १९७० च्या दशकातला घोडा, १९ शर्यती धावला आणि १८ जिंकला. तो कसा वळण घ्यायचा ते त्यांनी हाताने हवेत काढून दाखवलं आणि मला एकदम आमच्या ओसरीवरचे आबाजी आठवले. आवाज तोच, हात तसाच. फरक एवढाच, की या गृहस्थांचं म्हणणं पडताळून पाहता येत होतं. जातिवंत शर्यती घोड्याची वंशावळ छापील असते. इंग्लंडात १७९१ पासून ती नोंदवही चालू आहे आणि जगातल्या अशा सगळ्या घोड्यांचं पितृकुळ मागे जाऊन तीनच वळूंवर थांबतं. भारतातल्या घोड्यांची नोंद पुण्यातच ठेवली जाते. अठराव्या शतकात एकही शर्यत न हरलेल्या एक्लिप्सचा तर सांगाडासुद्धा जपून ठेवलाय. मोठा घोडा धावायचा थांबला की त्याचं खरं मोल सुरू होतं. त्याची शिंगरं धावतात आणि शिंगरांच्या नावामागे त्याचं नाव.

आमच्याकडे गोऱ्ह्याला जू लागायच्या आधीच खच्ची करत. बांड्याला वंश नव्हता. त्याचा बाप कोण, कुणाला माहीत नाही, आई बाजारातली. सांगाडा हाडं गोळा करणाऱ्याने नेला असणार. त्याचं जे काही उरलं, ते आबाजींच्या जिभेवर.

आणि जीभ सोयीचं तेवढंच ठेवते. पटाच्या गोष्टींत तुतारी कधी येत नाही. तुतारी म्हणजे टोकाला लोखंडी आर ठोकलेली काठी. आबाजींच्या तोंडून मी तो शब्द नांगरटीच्या संदर्भात ऐकला, पटाच्या नाही. तुतारीच्या जखमांचं काम आजीकडे होतं. पटाहून आलेल्या जोडीच्या पुठ्ठ्यांवरची भोकं ती हळद-तेलाने भरायची. एकदा मी विचारलं, "किती असत गं?" ती म्हणाली, "मोजत नव्हती बाबू." मग थोडं थांबून, "बांड्या हात लावू देत होता. चांद्या नाई." शर्यत कुणी जिंकली याचा एकही तपशील ती सांगत नसे. मला तिचा इतिहास आबाजींच्या इतिहासाइतकाच पक्का वाटतो, किंबहुना अधिक.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, तो उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने कायदा वैध ठरवला. मधली सात-आठ वर्षं म्हाताऱ्यांची मोठीच पंचाईत झाली. सालांना धरायला बैलच राहिले नाहीत. आबाजी याच काळात, २०१६ मध्ये गेले. ते कुठल्या बैलाच्या साली गेले, हे सांगता येत नाही.

बंदी उठल्यावर मी मुलाला घेऊन पटाला गेलो. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावरांचे डॉक्टर, तुतारीला मनाई. बक्षिसात मोटारसायकल. जोडी सुटली की शेकडो मोबाइल वर. माझ्या मुलाने पहिली धाव तीनदा पाहिली, त्यातली दोनदा मोबाइलवर. शेजारच्या गावचे एक म्हातारे कठड्याला टेकून उभे होते. आबाजींचं नाव सांगितल्यावर म्हणाले, "बांड्यावाले? होय जी. पन उजवा चांद्या त्याच्याहून तेज होता." मी गप्प बसलो. घरी येईपर्यंत मला राग आलेला होता.

गेल्या दिवाळीला गुंड घासायला मी मदत करत होतो. चिंचेच्या कोळाने काठाखालचं काळं निघालं आणि खाली अक्षरं दिसली. भांड्यावर ठोकून काढतात तशी, टिंबाटिंबांची. आजीच्या वडिलांचं नाव. मी तिच्याकडे पाहिलं.

"आंदनातला आहे," ती म्हणाली. "माह्या लग्नातला."

"मग आरमोरीचा पट?"

तिने राखेचा हात पदराला पुसला. "हरून आले होते. पोचा मीच पाडला त्या दिवशी. विहिरीवर." गुंड माझ्या हातून घेऊन तिने तो पालथा घातला. "पन दारात आला तवा बांड्याची दिष्ट काढली होती मी. मीठ-मोहऱ्या घेऊन. चांद्याचीबी."

तिने तांब्याने गुंडावर पाणी ओतलं आणि घडवंचीकडे निघाली. पोचा भिंतीकडे करून ठेवला.