दापुऱ्याचा डेबू कुठं गेला?

१ फेब्रुवारी १९०५. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावात उजाडतंय. तुम्ही अंगणात उभे आहात. पहाटेच्या अंधारात डेबूजी झिंगराजी जानोरकर घर सोडून गेलाय आणि त्याला शोधायचं काम तुमच्याकडे आलंय. दारात बायको कुंताबाई, म्हातारी आई सखुबाई, आत लेकरं.

पहिला संशय सावकारावर जातो. जमीन घशात घालायला आलेल्या सावकाराला याच डेबूनं शेतातून परतवलं होतं. पण रक्ताचा थेंब नाही, झटापटीची खूण नाही. कोणीतरी म्हणतं, "नदीवर पाह्यलं काय?" तुम्ही पूर्णेचा काठ धुंडाळता, पण मनाला पटत नाही. पट्टीचा पोहणारा तो, नदी त्याला काय नेणार! मूर्तिजापूरच्या स्टेशनावर जाता. कापसाचे दिवस, गाड्यांची रीघ. एक गाडी भुसावळकडे जाते, एक नागपूरकडे. असा शेतकरी चढताना कोणी पाहिला नाही.

मग घरात परत येऊन तुम्ही वेगळा प्रश्न विचारता: सोबत काय नेलं? अंगावर फाटकं धोतर, हातात काठी आणि एक मातीचं गाडगं. बस.

इथून माग लागतो, आणि इथंच तो निसटतो. कारण तुम्ही गावोगाव विचारता जानोरकरांच्या डेबूला, आणि त्या नावाचा माणूस कुठंच नाही. एका गावात लोक चिंधेबुवाबद्दल बोलतात, दुसरीकडे गोधडेबाबा, आणखी कुठं लोटके महाराज. नावं वेगळी, वर्णन मात्र एकच: एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, डोक्यावर खापर. लोक त्याला वेडा समजून हाकलतात. तो गाव झाडतो, मिळाली तर भाकर खातो, पुढं जातो. नाव विचारलं तर सांगत नाही. घरदार असलेल्या माणसानं स्वतःला इतकं पुसून टाकलेलं तुम्ही कधी पाहिलेलं नाही.

वर्षं झरझर ओलांडा. १९०८, ऋणमोचन. पूर्णेवर घाट बांधला जातोय, आणि त्यामागे तोच खापरवाला. १९२५, मूर्तिजापूर: गोरक्षण, धर्मशाळा, विद्यालय. हरवलेला माणूस तुमच्याच तालुक्याच्या गावी उघडपणे उभा आहे, आणि अवघा महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणतो.

तपास संपला म्हणून वही मिटायला जाल, तर थांबा. मधलं एक पान राहिलंय. १९२३ साली मुलगा गोविंद गेला, तेव्हा बाप कोकणात कीर्तनाला उभा होता. बातमी आली, कीर्तन थांबलं नाही. त्या धीरापुढं मी नतमस्तक होतो. पण त्याच बातमीचं दुसरं टोक कुंताबाईच्या पदरात होतं, आणि ती कीर्तनात उभी नव्हती.

बाबा सापडले. डेबूजी मात्र त्या पहाटेनंतर त्या घराला नवरा म्हणून परत मिळाला नाही. त्यांनी उभारलेल्या धर्मशाळांमध्ये हजारो परक्यांना निवारा मिळाला. त्या संस्थांवर आपल्या नात्यागोत्याचा हक्क चालायचा नाही, ही त्यांची शिस्त कडक होती. २० डिसेंबर १९५६ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबा गेले, ती तारीख शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. तुम्ही मात्र आता उलटा माग काढा: १ फेब्रुवारीला सकाळी दापुऱ्यात चूल कोणी पेटवली, त्या वर्षी जमीन कोणी नांगरली, आणि "लेकरांचा बाप कुठं आहे?" असं विचारणाऱ्या बायांना कुंताबाईनं काय सांगितलं?